चढ घाईचा, उतार रेंगाळता

1958 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोन तरुण संशोधक मांजरीच्या मेंदूतल्या एकेका पेशीचा माग काढत होते. डोळ्यांनी टिपलेलं मेंदूच्या ज्या भागात पोचतं, तिथे त्यांनी अतिशय बारीक इलेक्ट्रोड बसवला होता. भूल दिलेल्या मांजरीसमोर काचेच्या पट्टीवरचे ठिपके दाखवायचे आणि पेशी कशाला दाद देते ते बघायचं, असा बेत होता. पेशीचा विद्युत ठोका वाढवून स्पीकरला जोडलेला होता. पेशी जागी झाली की टक् असा आवाज यायचा. तासन्‌तास ठिपके दाखवून झाले, पण ओळखीचं असं काहीच ऐकू येईना. मग एकदा पट्टी खाचेत सरकवताना स्पीकरमधून मशीनगन सुटल्यासारखा कडकडाट झाला. ठिपक्याचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता. सरकणाऱ्या काचेच्या कडेची एक पुसट, सरळ सावली मांजरीच्या नजरेसमोरून गेली होती आणि ती पेशी नेमक्या त्या कोनातल्या रेषेलाच दाद देणारी होती. मेंदू दृश्याची सुरुवात कडा आणि रेषांपासून करतो, हे कळण्याची वाट तिथून खुली झाली. 1981 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

पाहण्याचं कोडं सोडवणारा धागा कानाला सापडला, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आकडे ऐकण्याबद्दल कुणाला सांगायचं झालं तर आजही मी इथूनच सुरुवात करते. तो स्पीकर शोभेचा नव्हता. दोघांचे डोळे आणि हात पट्ट्यांमध्ये गुंतलेले, पेशीकडे लक्ष ठेवायला कानच तेवढे मोकळे. कडकडाट झाला त्या क्षणी हात काय करत होते, हे त्यांना ठाऊक होतं. हीच खूण कागदावर उमटली असती आणि नंतर सवडीने तपासली असती, तर ठिपक्याशी जुळत नाही म्हणून ती बाजूला पडण्याचीच शक्यता जास्त.

माहिती आवाजातून मांडण्याच्या या पद्धतीला सोनिफिकेशन म्हणतात. आकडे मोठ्याने वाचून दाखवणं यात येत नाही. आकडा बदलला की सूर चढतो किंवा उतरतो, आवाज वाढतो किंवा बारीक होतो, ठोके जवळ येतात किंवा लांबतात. कुठल्या बदलासाठी कुठला आवाज, हा नियम आधी ठरतो आणि शेवटपर्यंत पाळला जातो. नियम मध्येच वाकवला की उरतं ते संगीत असेल, छानही असेल, पण त्यावरून आकड्यांबद्दल काही म्हणण्याचा हक्क आपण गमावलेला असतो.

या कामाचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात विश्वासू नमुने कुणी कलाकृती म्हणून केलेले नाहीत. गायगर काउंटर घ्या. हान्स गायगर यांचं पहिलं उपकरण 1908 चं, वाल्टर म्युलर यांच्यासोबत सुधारलेली नळी 1928 ची. किरणोत्सर्गाचा एकेक कण नळीत शिरला की एकेक टक्. ते हातात धरून चालणाऱ्या माणसाला काट्याकडे बघत बसावं लागत नाही. नजर वाटेवर राहते आणि धोका कानाला कळतो. ग्लायडर उडवणाऱ्यांकडे असंच एक यंत्र असतं. वर नेणाऱ्या हवेत शिरलं की त्याचा सूर चढतो, खाली खेचणाऱ्या हवेत उतरतो, आणि वैमानिक बाहेरच्या आकाशावर नजर ठेवून त्या सुराच्या आधाराने वर वर जातो.

माझ्या मते या सगळ्यांत सुबक काम ऑपरेशन थिएटरमधल्या पल्स ऑक्सिमीटरचं आहे. त्याच्या एकाच 'बीप'मध्ये दोन गोष्टी असतात. दोन बीपमधलं अंतर म्हणजे नाडीचा वेग, आणि बीपचा सूर म्हणजे रक्तातला ऑक्सिजन. ऑक्सिजन घसरू लागला की सूरही घसरतो. भूलतज्ज्ञाला पडद्याकडे वळावंही लागत नाही. सूर खाली सरकू लागला की आकडा वाचण्याआधीच तो सावध झालेला असतो. दोन माहित्या, दोन वेगळे गुण, एकमेकांत न मिसळणारे. बनवणाऱ्याने काय वगळायचं याचा विचार केला असणार, हे त्या साधेपणातून जाणवतं.

इथपर्यंत सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे डोळे अडकलेले असतील तेव्हा कान कामाला लावायचे. हे खरं आहे, पण निम्मंच. कान हा डोळ्यांचा बदली कामगार नाही. त्याला दिसतं ते वेगळंच, आणि ते मुख्यतः काळाशी जोडलेलं.

डोळ्यापुढे सेकंदाला चोवीस चित्रं सरकवली की त्याला सलग हालचाल वाटते. सगळा सिनेमा या मुभेवर उभा आहे. कान इतकी मुभा देत नाही. सलग चाललेल्या खरखरीत दोन-तीन सहस्रांश सेकंदाची फट पडली तरी ती त्याला कळते. हे सगळ्यात स्पष्ट समजतं ते पल्सार ऐकताना. पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगरणारे, अतिशय घट्ट असे मृत ताऱ्यांचे गाभे. त्यांचा रेडिओ-झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. ते ठोके स्पीकरला जोडले की काही करामत न करता ऐकू येतात. एका पल्सारची फेरी 0.714 सेकंदाची. तो संथ ठेका धरतो, बोटांवर मोजता येईल असा. वेला पल्सार सेकंदाला सुमारे अकरा फेऱ्या मारतो. तिथे मोजणं सुटतं, पण ठोके सुटे कळतात. खेकडा तेजोमेघातला पल्सार सेकंदाला तीसेक, आणि तिथे ठोके विरघळून घरघर होते. 1982 मध्ये सापडलेला एक पल्सार सेकंदाला 642 वेळा फिरतो आणि त्याचा चक्क सूर लागतो. हे चारही आकडे तक्त्यात एकाखाली एक लिहिले तर वाढत जाणाऱ्या संख्या एवढंच दिसेल. ऐकताना मात्र लयीतून सूर कसा जन्मतो, त्याचा उंबरठा ओलांडल्याचा अनुभव येतो. 642 फेऱ्या म्हणजे किती वेग, हे मला त्या सुरानेच समजावलं.

गोंगाटात दडलेली नियमितता पकडणं हीसुद्धा कानाचीच खुबी. ऑगस्ट 1981 मध्ये व्हॉयेजर 2 शनीच्या कड्यांचं प्रतल ओलांडत होतं, तेव्हाच्या नोंदी आलेखावर बघितल्या तर नुसती खळबळ दिसत होती. त्याच नोंदी आवाजात वाजवल्यावर टिनाच्या पत्र्यावर गारा आदळाव्यात तसा मारा ऐकू आला. धुळीचे सूक्ष्म कण यानावर प्रचंड वेगाने आपटत होते, आपटताक्षणी त्यांची वाफ होत होती, आणि प्रत्येक आघाताचा विद्युत झटका यानावरचा अँटेना टिपत होता. बारीक, तुटक, असंख्य आघात हे वर्णन डोळ्याला जमत नव्हतं. कानाला ते लगेच ओळखू आलं, कारण आदळणं ही गोष्ट आपण जन्मभर कानानेच ओळखत आलेलो आहोत.

हे सगळं वाचून झाल्यावर मला स्वतःच्या हाताने काहीतरी आवाजात उतरवायचं होतं. मी सौरडागांचे आकडे निवडले. सूर्यावरच्या काळ्या डागांची वार्षिक सरासरी 1700 सालापासून उपलब्ध आहे. आता तिची देखरेख ब्रुसेल्सची वेधशाळा करते, त्याआधी हे काम झुरिकला चालायचं. डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि ओसरतात. हे हाइनरिख श्वाबे या हौशी निरीक्षकाने सतरा वर्षं जवळपास रोज सूर्य पाहून 1843 मध्ये जाहीर केलं. 1700 ते 2020 म्हणजे 321 आकडे. सेकंदाला आठ वर्षं अशा गतीने वाजवले तर तीन शतकं चाळीस सेकंदांत आटोपतात आणि एक चक्र सव्वा ते दीड सेकंदात बसतं. एवढ्या अंतराने येणारी लाट कान सहज लक्षात ठेवतो. गती याहून फार कमी केली तर चक्र तुटून सुटे सूर उरतात, वाढवली तर नुसता थरथराट.

पहिला प्रश्न सुराचा. डाग शून्य असतील तेव्हा 220 हर्ट्झ आणि 270 असतील तेव्हा 880 हर्ट्झ, अशी दोन सप्तकं मी ठरवली. 270 यासाठी की 1957 सालची सरासरी साधारण तितकी आहे आणि या मालिकेतलं ते सर्वोच्च वर्ष. आता 135 कुठे ठेवायचं? सरळ हिशेबाने मधोमध, म्हणजे 550 वर. पण कान हर्ट्झची वजाबाकी करत नाही, तो पट मोजतो. 220 पासून 440 हे त्याला एक सप्तक, आणि 440 पासून 880 हेही एकच सप्तक. 135 ला 550 दिले तर खालच्या निम्म्या आकड्यांना सव्वा सप्तकाहून जास्त जागा मिळते आणि वरच्या निम्म्यांना जेमतेम दोन-तृतीयांश. म्हणजे छोटी चक्रं फुगतात आणि मोठी दबतात. आलेखाचा उभा अक्ष कुणी असा ताणला असता तर लगेच दिसलं असतं. आवाजात ते खपून जातं. 135 ची जागा 440 हीच. प्रत्येक डागामागे सूर सारख्याच पटीने वाढला पाहिजे.

दुसरा प्रश्न शून्याचा, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. 1810 या वर्षाची सरासरी शून्य आहे. शून्य म्हणजे आवाज बंद, असं पटकन वाटतं. पण 1810 मध्ये लोकांनी दुर्बिणी लावल्या होत्या, सूर्य पाहिला होता, आणि त्यांना डाग दिसले नव्हते. ते निरीक्षण आहे. याउलट डागांची रोजची मालिका 1818 पासून सुरू होते आणि तिच्या पहिल्या तीसेक वर्षांत पुष्कळ दिवस कोरे आहेत, कारण त्या दिवशीची नोंदच नाही. पाहिलं आणि काही नव्हतं, आणि पाहिलंच नाही, या दोन गोष्टी एकाच शांततेत ढकलल्या तर ऐकणाऱ्याची फसवणूक होते. म्हणून शून्याला मी सगळ्यात खालचा सूर दिला आणि शांतता फक्त हरवलेल्या नोंदींसाठी राखून ठेवली. आलेख काढताना असा विचार माझ्याकडून कधी झाला नव्हता. रेषा जोडून टाकली की फट बुजते. आवाजात फट बुजवायची की ठेवायची, हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

डाग वाढले की सूर चढवायचा, की उतरवायचा? हा प्रश्न उगाच काढलेला नाही. जॉर्जिया टेकमधले ब्रूस वॉकर यांनी याच गोष्टीवर प्रयोग केले आहेत. तापमान वाढलं की सूर चढावा, हे लोकांना स्वाभाविक वाटतं. आकारमान वाढलं की मात्र तो उतरावा असं वाटतं, कारण मोठ्या वस्तूंचा आवाज खर्जातला असतो. मी चढता सूर घेतला, कारण डाग म्हणजे सूर्याची वाढती चळवळ. दुसरा कुणी डाग म्हणजे अंधार असं धरून सूर उतरवेल, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. त्याने ते सांगितलं पाहिजे, एवढंच.

शिवाय मागे सतत वाजणारा एक तानपुरा हवा. 220 चा षड्ज बारीक आवाजात कायम धरून ठेवला की तो आलेखाच्या तळरेषेचं काम करतो. त्याच्याशिवाय चढलेला सूर किती चढला, हे पाच सेकंदांनी आठवत नाही.

आणि मग ते चाळीस सेकंद. सौरडागांचा आलेख मी कितीतरी वेळा पाहिलेला आहे. तीनशे वर्षं कागदाच्या रुंदीत बसवायची म्हणजे सगळी चक्रं दाटीवाटीने उभ्या सुळक्यांसारखी दिसतात. कोणता सुळका उंच, कोणता बुटका, एवढं नजर टिपते आणि पुढे जाते. ऐकताना उंचीच्या आधी मला चाल कळली. सूर झपकन वर जातो आणि उतरताना रेंगाळतो. चढ घाईचा, उतार सावकाश, पुन्हा चढ घाईचा. चढायला सरासरी चारेक वर्षं आणि उतरायला सातेक, हे मी वाचलेलं होतं. तरी त्या क्षणापर्यंत ते माझ्यासाठी एक वाक्य होतं. आता ती सूर्याची लय झाली. 1800 च्या पुढची दोन चक्रं येतात तेव्हा तर ती चालसुद्धा अडखळते. सूर फारसा वर जातच नाही, आणि तिथे पोचायलाही वेळ घेतो. 1957 कडे जाणारं चक्र मात्र एका दमात उसळतं. जोरकस चक्रं शिखर लवकर गाठतात आणि दुबळी उशिरा, हा संबंध माक्स वाल्डमायर यांनी 1935 मध्ये मांडला होता. तो ऐकू येतो. कुणी सांगितल्याशिवाय ऐकू येईल असं मी म्हणत नाही, पण एकदा सांगितल्यावर ऐकू न येणं अशक्य आहे.

इथे एक मोह होतो, आणि त्याबद्दल मला ठामपणे बोलायचं आहे. सरकते सूर कानाला रुक्ष वाटतात. तेव्हा सगळे जण सुचवतात की शुद्ध स्वरांत बसव, म्हणजे गोड होईल. करायला गेलं तर दोन सप्तकांत पंधरा शुद्ध स्वर मिळतात, त्यांच्यात चौदा पायऱ्या. 270 भागिले 14 म्हणजे प्रत्येक पायरी जवळपास 19 डागांची. मग 1810 चं शून्य आणि 2008 चं चार एकाच सुरावर येऊन बसतात. त्याहून वाईट म्हणजे पायऱ्याच सारख्या नाहीत. सा ते रे हे अंतर पूर्ण स्वराचं, ग ते म अर्ध्याचं. तितक्याच डागांची वाढ एका ठिकाणी मोठी झेप वाटते आणि दुसऱ्या ठिकाणी निम्मी. ऐकणाऱ्याला वाटेल की सूर्य तिथे मंदावला, आणि मंदावलेला असतो तो फक्त सप्तकातला जिना. वर गिटार, खाली ड्रम आणि थोडी गूंज चढवली की आकडे पूर्णच बुडतात. आजकाल माहितीचं संगीत म्हणून जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं मला या कारणाने पटत नाही. ते गोड असतं. पण आकडे बदलून दुसरे घातले तरी तितकंच गोड राहिलं असतं, आणि माझ्या लेखी यातच त्याचा निकाल लागतो.

गोडवा आणि इमान एकत्र नांदूच शकत नाहीत, असं मात्र नाही. मिनेसोटा विद्यापीठात डॅनियल क्रॉफर्ड या विद्यार्थ्याने 2013 मध्ये पृथ्वीच्या सरासरी तापमानाच्या 1880 पासूनच्या नोंदी चेलोवर वाजवल्या. एक सूर म्हणजे एक वर्ष. चेलोच्या खुल्या तारेचा सगळ्यात खालचा सूर सगळ्यात थंड वर्षाला, आणि तिथून तीन सप्तकं. एकेक अर्धस्वर म्हणजे साधारण 0.03 अंश सेल्सिअस. अर्धस्वरांची पट्टी धरल्यामुळे पायऱ्या सारख्या राहिल्या. सुरुवातीला चेलो खालच्या सुरांमध्ये घुटमळतो, शेवटच्या दशकांत वर वर जात राहतो आणि परत खाली येत नाही. मला ते ऐकताना भरून आलं, आणि भरून येण्याचं कारण त्या आकड्यांतच होतं. गज चालवणाऱ्या हाताचा दाब त्या तक्त्यात नाही, हे खरं. पण नियम उघड आहे, आणि हवं त्याला कुठलंही वर्ष तपासून बघता येतं.

नियम उघड नसला की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे मे 2022 मध्ये नासाने प्रसिद्ध केलेला पर्सियस दीर्घिकासमूहाचा आवाज. 'कृष्णविवर असं ओरडतं' म्हणत तो जगभर फिरला. तिथल्या तप्त वायूत कृष्णविवरामुळे दाबाच्या लाटा उठतात, हे खरं आहे, आणि म्हणून त्याला ध्वनी म्हणण्यात काही खोटं नाही. पण ती लाट मध्य सप्तकाच्या सा पासून 57 सप्तकं खाली आहे. तिचं एक आंदोलन पूर्ण व्हायला जवळपास एक कोटी वर्षं लागतात. आपण ऐकतो ते दुर्बिणीच्या प्रतिमेवरून केंद्राभोवती फिरवलेल्या काट्याने वाचून 57 आणि 58 सप्तकं वर आणलेलं रूप. नासाने हे सगळं सोबत लिहिलेलं होतं. पुढे पाठवणाऱ्यांनी ते गाळलं आणि उरला तो अंगावर काटा आणणारा हुंकार. माझी तक्रार त्या आवाजाबद्दल नाही, त्याच्यापासून तोडलेल्या त्या चार ओळींबद्दल आहे.

याच्या शेजारी 14 सप्टेंबर 2015 चा लायगोचा, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा, संकेत ठेवून ऐकावा. तब्बल 1.3 अब्ज प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि त्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवरून गेल्या. त्यांची वारंवारता 0.2 सेकंदात 35 हर्ट्झपासून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेली. ही तर माणसाच्या ऐकण्याच्याच पट्ट्यातली. एकही सप्तक वर न नेता ती स्पीकरवर वाजते, खोल खर्जातून उसळलेल्या छोट्या हुंकारासारखी. आणि तरी ती ध्वनी नव्हती, हवेतून आली नव्हती. अवकाशच ताणलं-आकसलं होतं. एक खराखुरा ध्वनी, पण ऐकायला 57 सप्तकं दूर. दुसरी ध्वनीच नव्हे, पण जशीच्या तशी ऐकू येणारी. दोन्हींच्या खाली समाजमाध्यमांवर एकच ओळ असते, 'अवकाशाचा आवाज'.

आतापर्यंत मी डोळसांच्या सोयीबद्दलच बोलले. दृष्टिहीन माणसासाठी हा विषय हौसेचा नाही. 1913 मध्ये एडमंड फूर्निए दाल्ब यांनी ऑप्टोफोन बनवला. छापील ओळीवरून प्रकाशाचे काही ठिपके सरकायचे, प्रत्येक ठिपक्याचा स्वतःचा सूर, आणि अक्षराच्या आकाराप्रमाणे सूर उमटायचे किंवा गळायचे. प्रत्येक अक्षराची जणू एक छोटी धून. मेरी जेमसन या दृष्टिहीन ब्रिटिश तरुणीने त्यावर वाचायला शिकून घेतलं. सुरुवातीच्या प्रात्यक्षिकात तिचा वेग मिनिटाला एखाद्या शब्दाचा होता. पुढे ती मिनिटाला साठ शब्दांपर्यंत पोचली. एक शब्द ते साठ शब्द, या प्रवासात यंत्र सुधारलं हे खरं, पण मुख्यतः तयार झाला तो कान. आवाजातला आलेख पहिल्यांदा ऐकून 'काही कळलं नाही' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. आलेख वाचायलाही आपल्याला शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं जातं. आपण ते विसरून गेलेलो असतो.

पोर्टो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा दियाझ-मर्सेड यांची दृष्टी विशीत गेली. त्यांचं सगळं शास्त्र पडद्यावरच्या आलेखांत होतं, आणि ते एकाएकी त्यांच्यापुरतं बंद झालं. त्यांनी ताऱ्यांच्या नोंदी आवाजात उतरवल्या आणि संशोधन चालू ठेवलं. मला त्यांच्या कामातला पुढचा टप्पा जास्त मोलाचा वाटतो. डोळस खगोलशास्त्रज्ञांबरोबर केलेल्या प्रयोगांतून त्यांनी दाखवलं की आलेखाला आवाजाची जोड दिली तर गोंगाटात बुडालेली क्षीण खूण त्यांनाही अधिक चांगली सापडते. म्हणजे एकीची निकड ही सगळ्यांची धार झाली. 2021 पासून आयफोनमध्ये आलेख ऐकण्याची सोय आलेली आहे. ॲप बनवणाऱ्याने थोडी तसदी घेतली की कुठलाही आलेख बोट फिरवत सुरांमधून वाचता येतो. ही तसदी फार थोडे जण घेतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. साथीचा रोज बदलणारा आलेख सगळ्या जगाने डोळ्यांनी पाहिला तेव्हा दृष्टिहीन माणसांना बहुतेक ठिकाणी 'चित्र' एवढा एकच शब्द ऐकू आला असेल.

कानाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. सूर ऐकून नेमका आकडा सांगता येत नाही. 1778 चं शिखर 1957 च्या तुलनेत किती बुटकं, हे चाळीस सेकंदांच्या ओघात ठरवता येत नाही. तिथे आलेखच पाहावा. आवाज पापण्यांसारखा मिटता येत नाही, म्हणून नको तिथे तो छळ होतो. रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात याची किंमत रोज मोजली जाते. तिथल्या यंत्रांच्या इशाऱ्यांसाठी 2006 च्या आंतरराष्ट्रीय मानकात छोट्या छोट्या धून ठरवल्या गेल्या होत्या. त्या एकमेकींसारख्या इतक्या, की परिचारिकांच्या लक्षातच राहीनात. 2020 च्या सुधारणेत त्यांच्या जागी हृदयाच्या ठोक्यासारखे, ज्याचा इशारा त्याची आठवण करून देणारे आवाज आले.

सध्या मी सूर्याचे दोन गोलार्ध वेगळे करते आहे. डागांच्या नोंदी उत्तर आणि दक्षिण अशा स्वतंत्रपणेही मिळतात, आणि दोन्हीकडे चक्र एकाच वेळी शिखरावर जात नाही. मागच्या चक्रात उत्तरेचं शिखर 2011 च्या अखेरीस आलं, दक्षिणेचं 2014 मध्ये. उत्तर डाव्या कानात, दक्षिण उजव्या कानात, अशी माझी मांडणी आहे. दोन कानांतला सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकही आपल्याला आवाजाची दिशा सांगतो. तेव्हा दोन वर्षांचा फरक कळायला हरकत नसावी, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे एकच पोत दिला आणि सूर जवळ आले की मेंदू त्यांना एकात ओढतो आणि डोक्याच्या मधोमध एकच सूर्य वाजू लागतो. आता उत्तरेला बासरीसारखा आणि दक्षिणेला तंतुवाद्यासारखा पोत देऊन बघते आहे, शिवाय गती निम्म्यावर आणली आहे. झालं की ज्याने सौरडागांचा आलेख कधी पाहिलेला नाही अशा कुणाला तरी ऐकवून, कुठला कान आधी चढला एवढंच विचारायचं आहे.